मुखपृष्ठावरची मागेत

पिकीन, ९ मार्च २००३

मागेत,

फोन तू घेत नाहीस, म्हणून पत्र. आपल्या गल्लीतला थियर्नो उद्या डाकारहून पॅरिसला परत निघालाय, त्याच्या हाती देते. त्याला म्हटलं, तिच्या दारात उभा राहा आणि तिने पाकीट फोडल्याशिवाय हलू नकोस. तो म्हणाला, "किनेताई, तुमची मागेत दारच उघडत नाही." मग दाराखालून सरकव म्हटलं.

आई अजून तुझं नाव काढत नाही. काढेल कशी? तबास्कीचा सण, अंगणात बकऱ्याचं मटण शिजतंय, गल्लीतल्या सगळ्या बायका नवे बुबू घालून बसल्यात, आणि तू उठून आईच्या सलूनमधल्या रंग उजळायच्या मलमाच्या ट्यूबा खोक्यासकट गटारात ओतल्यास. राग आला असेल, मान्य. पण पाहुणे जाईपर्यंत तो राग धरवला नसता का? दुसऱ्या दिवशी आई काठी घेऊन गटारात ढवळत होती. सापडल्या तेवढ्या ट्यूबा धुऊन परत फळीवर ठेवल्यात तिने. हे तुला सांगणार नव्हते, पण लिहिलं गेलं.

आणि वर ते काय बोललीस? "आई, तुझे हात बघ." सगळ्यांनी बघितले. चेहरा आणि दंड गव्हाळ पिवळे, आणि बोटांची पेरं तेवढी काळीच राहिलेली. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे हात तसेच आहेत, पण ते असं तोंडावर कुणी म्हणतं का? तेव्हापासून आई हात बाहीत ओढून बसते.

खेसाल आपल्याकडे काल सुरू झालेलं नाही. लग्न असो, बारसं असो, बाई आधीपासून रंग उजळायला बसते, हे तूही बघतच मोठी झालीस. तुला शाळेत 'तव्याचं बूड' म्हणायचे तेव्हा दगड घेऊन त्या पोरांमागे धावणारी मीच होते. आई तुला मलम लावायला बसली की तू छपरावर पळायचीस. एकदा पडलीस, भुवई फुटली, तरी लावून घेतलं नाहीस. हट्टी ती हट्टीच.

पॅरिसची ती बाई मॉडेलिंगसाठी मुली निवडायला आपल्याकडे आली त्या दिवशी आईने मला नटवून पुढे बसवलं होतं. घरातली उजळ मुलगी मी. बाईने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि मागे भांडी घासणाऱ्या तुझ्याकडे बोट केलं. आई अजून म्हणते की त्या बाईला डोळ्यांनी कमी दिसत असणार. मी हसते तिच्याबरोबर. दुसरं काय करू?

आणि तिथे तरी काय गं? तबास्कीला जेवताना तूच सांगत होतीस. एका मोठ्या फॅशन शोसाठी चालून दाखवायला गेलीस, तर ते म्हणाले, आमच्याकडे एक आहे. आईने विचारलं, "एक काय?" तू म्हणालीस, "एक काळी." सगळे हसले. तूही हसलीस. तुझा चेहरा बघून मला वाटलं, आता हिचं काहीतरी होणार. मग त्या ट्यूबा गेल्या.

निघताना मला दरडावून विचारलंस, "ताई, तू तर लावत नाहीस ना?" नाही लावत. पोटुशी बाई मी, मला दुसरे उद्योग आहेत. पोटाचं तिथे कुणाला सांगू नकोस, नजर लागते.

तुझी ताई,
किने


पिकीन, २१ एप्रिल २००३

अगं लबाड मुली,

मिळालं मासिक. थियर्नोची मावशी घेऊन आली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जणू मक्केहून काही आणलंय. मुखपृष्ठ बघून आई म्हणाली, "ही कोण?" मीही ओळखलं नाही, खरं सांगते. मधाच्या रंगाची कुणी परदेशी मुलगी वाटली. मग भुवईवरचा तो छपरावरून पडल्याचा व्रण दिसला.

तर लावलंस शेवटी. आम्हाला गटार दाखवलंस आणि स्वतः तिकडे गुपचूप. मी रागावलेली नाही, उलट हसू येतंय. एवढा तमाशा करायची काय गरज होती? सरळ म्हणायचंस, आई, तुझं मलम हलकं आहे, मी तिकडचं चांगलं आणते. कारण आहेच ते चांगलं. किती एकसारखं उजळलंय, मान, कान, बोटांची पेरंसुद्धा. इथे तर कितीही लावा, पेरं दगा देतात.

आईने तुला माफ केलं. तुझी चूक होती की नाही हे मी मध्ये आणत नाही, पण तिने माफ केलं. मुखपृष्ठ काचेत बसवून सलूनच्या मोठ्या आरशाच्या वर लावलंय. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, "माझी धाकटी." त्या दिवशी तिने सगळ्यांना चेबुजेन खाऊ घातलं, चांगला थियोफ मासा घालून, आणि वाढताना हात बाहीत घ्यायचं विसरली.

माझी नणंद न्देला बघायला आली होती. कंबरेवर हात ठेवून म्हणते कशी, "बघितलंस किने? पॅरिसलासुद्धा शेवटी हेच करावं लागतं. आणि तू आपली बहिणीला घाबरून बसलीस." मी म्हटलं, मी कुणाला घाबरत नाही. ती म्हणाली, "मग बारशाला अशीच उभी राहणार का? सगळी सासरची माणसं तुलाच बघायला येणार. बाळाला कोण बघतं?"

तिचं तोंड तुला माहीत आहे.

कुठली ट्यूब ते कळव. माझ्यासाठी नको, आईसाठी विचारतेय.

किने


पिकीन, २ जून २००३

मागेत,

तुझं पत्र आलं. एवढं मोठं पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस. मी ते दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं.

तू लिहितेस की तू काही लावलेलं नाहीस. फोटो काढला तेव्हा तू होतीस तशीच होतीस, मग कुणीतरी यंत्रावर बसून तुझा रंग पुसला. तुला विचारलं नाही. रस्त्यावरच्या टपरीवर ते मासिक टांगलेलं होतं आणि तू त्याच्यासमोरून निघून गेलीस, पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेल्यावर पाय थांबले आणि परत आलीस. 

खरं सांगू, पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. वाटलं, आता सारवासारव करतेय. पण पुढे तू ते लिहिलंस ना, की तुला काम देणाऱ्या एजन्सीत जाऊन विचारलंस तर ती बाई म्हणाली, नुसता प्रकाश आहे तो, वाचणाऱ्याला चेहरा दिसायला नको का? आणि मग म्हणाली, तुझ्यासारखीला मुखपृष्ठ मिळालं, आभार मानायचे सोडून भांडतेस कसली. ते वाचलं आणि पटलं. ही भाषा मला ओळखीची आहे. माझ्या सासूने लग्नात मला असंच म्हटलं होतं.

तू बाकीचंही लिहिलंस. तुझ्या रंगाची पावडर त्यांच्याकडे नसते, त्यांची लावली की चेहरा राखेने माखल्यासारखा दिसतो, म्हणून स्वतःची डबी पिशवीत ठेवतेस. तुझे केस त्यांना हाताळता येत नाहीत, म्हणून घरूनच वेण्या घालून जातेस. भांडल्यापासून एजन्सीतून बोलावणं आलेलं नाही. अगं, हे तबास्कीला का नाही सांगितलंस? तेव्हा फक्त ट्यूबा फेकल्यास. आम्हाला वाटलं, तिथे जाऊन तुला आमची लाज वाटायला लागली.

आई सगळं ऐकून घेत होती, एका गिऱ्हाइकाच्या वेण्या घालता घालता. म्हणाली, "यंत्राने केलं?"

मी म्हटलं, "हो."

"मग यंत्र शहाणं आहे."

मी म्हटलं, "आई, तिला न विचारता केलं. तिला रडू आलं."

आई म्हणाली, "एवढ्या शिकलेल्या लोकांनी, एवढी मोठी मशिनं घेऊन तिला उजळच केलं ना? मग मी ट्यूब घेऊन तेच केलं तर मीच कशी वाईट?" ती गिऱ्हाईक बाई आरशातून माझ्याकडे बघत होती. मी पत्राची घडी घातली.

फोटो खाली उतरव म्हणालीस. स्टुलावर चढायला मला आता जमत नाही, आणि आई म्हणते, माझ्या मुलीचा फोटो माझ्या भिंतीवर आहे, काढायचा असेल तर तिने येऊन काढावा. तुला एक सांगायला हवं. बायका दुकानात येऊन फोटोकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "मागेतवाली द्या." आई पहिल्यांदा सांगायची की माझ्या मुलीने काही लावलेलं नाही. कुणी ऐकेना, हसायच्या. आता ती काही बोलत नाही, फळीवरची काढून देते.

आणि हे काय विचारलंस, "ताई, तुझ्या कागदाला कसला वास येतोय?" सलूनमध्ये बसून लिहिते, वास येणारच.

माझी काळजी करू नकोस. बाळ खाली उतरलंय म्हणतात. बारशासाठी तुझ्या भावजींनी, मोमारने, बाझांचं कापड आणलंय, निळं, खळ घालून कडक केलेलं, चाललं की आवाज येतो. तू आली असतीस तर किती बरं झालं असतं.

किने


इस्पितळ, ३ ऑगस्ट २००३

मागेत,

आडवी पडून लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस.

मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली, पण ती ठणठणीत आहे, आवाज तर असा की वॉर्डातल्या सगळ्या बाळांना उठवते. मोमारने तिच्या कानात नाव सांगितलं. तुझं नाव ठेवलंय. मला विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं. म्हणजे आता ती तुझी झाली, तुझ्यावरच जाणार, तिचं बरंवाईट तू बघायचंस. आपल्याकडचा रिवाज तुला मी काय सांगायचा.

बारशाला मी नव्हते. घरी मंडप घातला, बाजरीचा लाख शिजवला, दह्याची पातेली भरली, आणि मी इथे. माझा निळा बुबू न्देला घालून बसली होती असं कळलं. तिला घट्ट झाला असेल.

टाके धरले नाहीत. दोनदा घातले, दोनदा उसवले. कातडी ओल्या कागदासारखी झालीय, सुईने धरून ठेवायला तिथे काही उरलं नाही. नर्स वयस्कर आहे, फतू नाव. ड्रेसिंग करताना तिने माझ्या मांड्या बघितल्या, गुडघ्यामागची कातडी बघितली, आणि विचारलं, "केव्हापासून लावतेस?"

मी म्हटलं, "मी लावत नाही."

ती म्हणाली, "बाळा, तुझी बहीण विचारत नाहीये, मी विचारतेय. मला औषध द्यायचंय." मी तिला तुझ्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं गं. इथे येणारी प्रत्येक बाई कुणाला तरी नाही म्हणून आलेली असते, एवढंच तिला माहीत असेल.

तर लावत होते. तू तबास्कीला विचारलंस तेव्हाही लावत होते, थोडं थोडं. तुझं मुखपृष्ठ आलं तेव्हा मला वाटलं, सुटले. ही आता काय बोलणार? मग न्देलाने आणलेलं कडक मलम सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ, सगळ्या अंगाला, पोटालासुद्धा. आणि तुझं ते मोठं पत्र आलं, सगळं खरं कळलं, तरीही थांबले नाही. हे मला कुणालाच समजावून सांगता येत नाही, स्वतःलाही नाही. बारसं जवळ आलं होतं. एकदा तरी सगळ्यांनी माझ्याकडे बघावं असं वाटत होतं. त्या बाईने मान हलवली होती ना माझ्याकडे बघून.

मुलीला बघायला बायका येतात. तिचा चेहरा बघतच नाहीत. टोपी मागे सारून कान बघतात, कानाच्या कडा, पुढे कुठला रंग येणार ते तिथे कळतं म्हणून. बघतात, एकमेकींकडे बघतात, आणि म्हणतात, "असू दे, अल्लाने दिलंय." तिच्या कानांच्या कडा काळ्याभोर आहेत. मी आता टोपी घट्ट बांधून ठेवते.

मी मरणार वगैरे नाही. फतू म्हणते, वेळ लागेल पण भरेल. पण घाबरलेय मी, मागेत. खूप घाबरलेय.

किने


पिकीन, ३० ऑगस्ट २००३

मागेत,

घरी आलेय. जखम वरून बंद होत आलीय, अजून वाकता येत नाही, जड उचलायचं नाही. फळीवरच्या ट्यूबा मी मोमारला सांगून काढायला लावल्या. आईने अडवलं नाही. माझं पोट तिने बघितलंय.

तू पाठवलेलं नवं मासिक मिळालं. मुखपृष्ठ नाही, आतलं पान आहे, तरी चालेल. रंगाला हात लावायचा नाही ही तुझी अट त्यांनी पाळली म्हणायची. काळी कुळकुळीत तू, पांढऱ्या भिंतीपुढे उभी, आणि कुणी काही पुसलेलं नाही. भुवईवरचा व्रणही तसाच. किती सुंदर आहेस गं. हे मी तुला कधी म्हटलंच नव्हतं. दगड मारायला धावायचे, पण हे नाही म्हटलं.

आईला पान दिलं. तिने उजेडात नेऊन बघितलं, मग काचेतलं जुनं बघितलं. म्हणाली, "ही माझी आहे." आणि स्वतःच स्टुलावर चढून जुनं खाली काढलं. मला इतकं बरं वाटलं की तुला लगेच पत्र लिहायला बसणार होते. बसले असते तर बरं झालं असतं, पत्र इथेच संपलं असतं.

मुलीला रोज आई न्हाऊ घालते, मालिश करते. तू बघितलंयस तिचं मालिश, हातपाय ताणते, पाठ रगडते, पायाला धरून उलटं टांगते. मला वाकता येत नाही, म्हणून मी आतून फक्त आवाज ऐकायचे. काल मुलगी न्हाऊन आली, मी तिला कुशीत घेतलं, टाळूचा वास घेतला, आणि मला तो वास आला. तू कागदावरून ओळखलास तोच. शियाच्या लोण्याखाली दडलेला, पण तोच.

उठले. भिंतीला धरून अंगणात गेले. आई चटईवर बसली होती, मांडीवरचं फडकं झटकत. बाजूला लोण्याचं वाटगं. मी बोट बुडवून वास घेतला.

मी म्हटलं, "आई, हे तू काय केलंस?"

ती म्हणाली, "थोडंसंच आहे. लोण्यात मिसळलंय."

"माझं पोट बघूनसुद्धा?"

"तू कडक लावलंस. हे हलकं आहे." तिने हात बाहीत घेतले.

मी ओरडले. आईवर मी आयुष्यात ओरडले नव्हते. म्हटलं, कशासाठी? ट्यूबा काढल्या तेव्हा गप्प होतीस, स्वतःच्या हाताने ते मुखपृष्ठ उतरवलंस, म्हणालीस ही माझी, मग हिलाच का?

तिने लोण्याचं वाटगं बाजूला सारलं. मग म्हणाली, "ते पान बघितलं ना मी. आधी वाटायचं, त्या बाईची चूक झाली. कधीतरी तिला कळेल, मग मागेतला परत पाठवतील. मग मुखपृष्ठ आलं, म्हटलं बघ, त्यांनाही उजळच हवी, आता हिचं काम संपलं, येईल. पण नाही गं. त्यांना ती अशीच हवी आहे, काळी. आता ते तिला सोडणार नाहीत."

मी म्हटलं, "मग?"

"मग हिचे कान बघ ना," आई म्हणाली. "ही तिच्याहून काळी होणार. मोठी झाली की कुणीतरी येईल, भांडी घासताना बोट दाखवेल आणि घेऊन जाईल. एक मागेत दिली मी. दुसरी नाही देणार."

मी तिला वाईट कशी म्हणू, सांग. घरात येऊन मुलीला साबणाने धुतलं, परत धुतलं, ती किंचाळत होती, माझी जखम ओढली जात होती. आई दारात उभी राहून म्हणत होती, "हळू, किने, हळू, तिच्या डोळ्यांत जाईल."

तिला मी सांगितलं की मागेतला कुणी पळवून नेलेलं नाही, ती स्वतःच्या पायांनी गेली, मनात आलं तर येते. ती म्हणाली, "मग येत का नाही?" तू तबास्कीपासून आली नाहीस. फोन घेत नाहीस. मला लिहितेस, आईला दोन ओळी नाहीत.

पुढच्या महिन्यात तुझे शो आहेत, मला माहीत आहे. वर्षभर वाट बघितलेले. यावेळची ती 'एक' तू असशील, तर माझ्याच्याने ये म्हणवत नाही. तरी म्हणतेय. शो झाल्यावर ये, आधी ये, कसंही ये. भाषण करायला नको, काही फेकायला नको. चटईवर बस, आईच्या हातचं जेव, मुलीला मांडीवर घे. काळी मुलगी घरी परत येते, एवढं आईला एकदा डोळ्यांनी बघू दे. माझ्या तोंडचं तिला पटत नाही, मी तर कधी कुठे गेलेच नाही.

तोवर मुलीला मी आईच्या हातात देत नाही. दाराला आतून कडी लावून झोपवते. आई बाहेर बसते आणि विचारते, "झोपली का? किने, नुसती बघू दे. हात धुतलेत मी."

तुझी ताई,
किने